दोन लिटर पांढरा

१

मंगळवारी पहाटे माझ्या धाकट्या भावाला एका गाडीने उडवलं आणि गाडी निघून गेली. भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवतो. गिऱ्हाइकं यायच्या आत काम उरकावं म्हणून उजाडायच्या आधीच सायकल काढतो. त्या दिवशी धुकं इतकं होतं की पेट्रोल पंपाच्या वॉचमनला आवाज आधी ऐकू आला, गाडी नंतर दिसली. नंबर त्याने वाचला. रंग विचारला तर म्हणाला, "धुक्यात सगळंच राखाडी."

मला हे कळलं सकाळी दहाला. तोवर मी काय करत होते ते आधी सांगते, कारण पुढे सगळ्यांनी तेच विचारलं.

मी गॅरेजात रंग बनवते. समोर शेडमध्ये मिस्त्री आणि त्याची माणसं गाड्या ठोकतात, घासतात, रंगवतात. माझी खोली मागे. खिडकीतून चिठ्ठी येते, त्याच खिडकीतून डबा जातो. गाडी कोणाची, कशाला रंगवतात, मला दिसत नाही आणि मी विचारत नाही. अठरा वर्षांत कधी विचारलं नाही.

त्या दिवशी चिठ्ठी होती, 'पांढरा, दोन लिटर, अर्जंट.'

पांढरा म्हणजे नुसता पांढरा नसतो. तसाच मारला तर डोळ्यांत खुपतो. त्यात पिवळ्याचे दोन थेंब आणि काळ्याचा एक थेंब घालून त्याला जरा माणसात आणावं लागतं. काळ्याचा डबा उलटा केला, खडखडीत रिकामा. मी खिडकीतून ओरडले, "काळा संपलाय, मागवू का?"

"जे आहे ते घाल," मिस्त्री तिकडून म्हणाला. "मला आत्ता पाहिजे."

मी निळ्याचा थेंब घातला. ट्यूबलाइटखाली काही कळत नव्हतं. उन्हात तो पांढरा पाणी घातलेल्या दुधासारखा दिसला असता, पण घाई त्याची होती, माझी नव्हती.

प्रत्येक रंगाची मी नमुन्याची दोन कार्डं मारते. मागे तारीख, वेळ आणि थेंबांचा हिशेब. एक कार्ड चिठ्ठीला लागतं, दुसरं माझ्या पत्र्याच्या डब्यात. पहिलं दिलं. दुसरं हातात होतं, ओलंच, तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

"वन्सं, इस्पितळात या," ती म्हणाली. "ह्यांना गाडीने उडवलं."

मी कार्ड ॲप्रनच्या खिशात कोंबलं आणि पळाले.

२

डॉक्टर तरुण होता. खोटं बोलायला अजून शिकला नव्हता.

"उजव्या हाताचा चुरा झालाय. रक्त थांबवलंय, आज एवढंच. शुक्रवारी सकाळी दहाला थिएटर मिळतंय. तेव्हा हाडं जोडली, कातडी लावली, तर हात राहील. त्यानंतर सडायला लागेल. मग मनगटापासून काढावा लागेल."

"मग करा ना."

"मी करीन हो. काउंटरवरून कागद यायला हवा."

काउंटरला काच होती आणि काचेला तोंडाएवढं भोक. भोकापलीकडची बाई म्हणाली, "अपघात आहे ना? मग गाडीचा विमा असेल. विमा कंपनीचं हमीपत्र आणा, नाहीतर गाडीमालकासारख्या ऐपत असलेल्या माणसाची हमीची सही. दोन्हींपैकी एक."

बुधवारी संध्याकाळी हवालदाराचा फोन आला. ड्रायव्हर गाडीसकट स्वतःहून हजर झाला होता. वहिनीने दोन दिवसांत पहिल्यांदा दोन घास खाल्ले. तिसरा घास घेणार तोच हवालदार म्हणाला, "पण बाई, गाडी त्याचीच आहे. सहा महिन्यांपूर्वी लॉण्ड्रीतली नोकरी सोडताना तिथूनच जुनी विकत घेतली, कागद आहे. विमा नाही."

"नाही म्हणजे?"

"उतरवलाच नाही. असे शंभर फिरतात. भाड्याची एक खोली आणि दोन पोरी, एवढी त्याची इस्टेट. केस करा, जिंकाल. पण हातात काय येणार? दात कोरून पोट भरत नाही."

वहिनीने ताट बाजूला सारलं. "उजवा हात हो, वन्सं," एवढंच म्हणाली.

गुरुवारी सकाळी काउंटरच्या बाईने भोकातून एक छापील कागद सरकवला. "यावर सही करून ठेवा. उद्या ऐनवेळी धावपळ नको."

तो हात काढायच्या परवानगीचा कागद होता. वहिनीने पेन उचललं.

३

मी पेन तिच्या हातातून काढून घेतलं आणि सरळ पोलीस ठाण्यात गेले.

ड्रायव्हर हजेरीची सही करायला आला होता. बाकावर अंग चोरून बसला होता, मला बघून उठला. चाळिशीचा, किडकिडीत. मी त्याच्या कानाखाली वाजवणार होते. पण त्याचा चेहरा आधीच मार खाल्ल्यासारखा होता, हात उचलायची सोय राहिली नाही.

"गाडी तुझी?"

"हो ताई."

"घेतलीस तेव्हा कुठल्या रंगाची होती?"

"हिरवी. लॉण्ड्रीच्या सगळ्या हिरव्याच असतात. मग मी पांढरी करून घेतली. घेतली तेव्हाच."

"कुठून करून घेतलीस?"

"घरीच. ब्रशने."

हवालदार हसला. "बाई, घर रंगवायचंय का? रंगाचं काय घेऊन बसलात?"

"पहाटे साडेपाचला कुठे निघाला होतास?"

"असंच. फिरायला."

"स्वतःचं डिझेल जाळून, धुक्यात, फिरायला. हौस दांडगी आहे."

तो खाली बघायला लागला. मीही त्याच्या हातांकडे बघितलं. बोटांची टोकं पांढरीफटक, सुरकुतलेली, दिवसभर पाण्यात राहिल्यासारखी.

"लॉण्ड्री सोडलीस ना?"

"सोडली. सहा महिने झाले."

"मग ओल्या चादरी घरी पिळतोस का?"

त्याने हात पाठीमागे नेले. हवालदाराचं हसू बंद झालं.

"मी थांबलो होतो, ताई," ड्रायव्हर एकदम हळू म्हणाला. "उतरलो होतो. फोन केला होता."

"कुणाला?"

त्याने ओठ घट्ट मिटले. ज्याला दोन पोरी आहेत त्याचं तोंड बाहेरून कुणी शिवावं लागत नाही.

मी हवालदाराला म्हटलं, "मला गाडी बघायचीय. आणि सायकल."

आवारात पत्र्याच्या शेडखाली दोन्ही शेजारी शेजारी ठेवली होती. मारणारी आणि मेलेली. सायकलच्या नळीवर अख्खं दुकान सांडलेलं होतं. लाल, पिवळा, निळा, हिरवा, भावाच्या दहा वर्षांच्या पाट्या. म्हणूनच कुणी नीट बघितलं नव्हतं. मी पिशवीतून थिनरची बाटली काढली. नखं साफ करायला ती माझ्याजवळ असतेच. चिंधी भिजवून नळी घासली. लाल उतरला, पिवळा उतरला. हँडलजवळचा बोटभर हिरवा ओरखडा तसाच राहिला.

"हा निघत का नाही?" हवालदार वाकून बघायला लागला.

"भाऊ वापरतो तो डब्यातला ऑइल पेंट, थिनर लावला की सुटतो. हा गाडीचा रंग आहे, भट्टीत भाजलेला. आणि हिरवा कुठला तेही सांगते. लॉण्ड्रीचा. 'लॉण्ड्री हिरवा' अशी चिठ्ठी वर्षातून चारदा येते, मीच हा बनवते." मी त्याच्याकडे वळले. "सहा महिन्यांपासून पांढरी असलेली गाडी मंगळवारी सायकलला हिरवा रंग कसा लावते?"

"जुना खालचा थर असेल. वरचा खरवडला की खालचा लागणार."

माणूस मठ्ठ नव्हता. मी गाडीच्या पुढे गेले. डावा दिवा फुटलेला, त्याखाली पत्रा ताटलीएवढा आत गेलेला. त्या खड्ड्यात मी बोटं फिरवली. गुळगुळीत. कुठे तडा नाही, कुठे टवका नाही.

"वरचा कुठे खरवडलाय ते दाखवा मला," मी म्हटलं. "पत्रा इतका दबला तर त्यावरचा रंग फुटतोच. हा फुटला नाही. म्हणजे खड्डा आधी पडला, पांढरा नंतर बसला. आधी माझा भाऊ, मग हा रंग."

हवालदाराने टोपी काढून डोकं खाजवलं. "कधी बसला, कुणी मारला, ते सिद्ध करा. नाहीतर वकील म्हणेल, खड्डा जुनाच होता." असं म्हणत त्याने माझ्यासाठी शेडची ताडपत्री वर केली, जरा नीट दिसावं म्हणून. ऊन सरळ बॉनेटवर आलं.

मी सायकलचं हँडल धरलं.

तो पांढरा पाणी घातलेल्या दुधासारखा दिसत होता.

४

जगात तसला पांढरा दोनच लिटर बनला होता. मंगळवारी सकाळी साडेनऊला, काळा संपला म्हणून. माझ्या हातांनी.

भाऊ टेबलावर बेशुद्ध पडला होता, आणि त्याला मारणाऱ्या गाडीचा पुरावा झाकायला मी रंग ढवळत होते. वर थेंब मोजत होते, नीट दिसावा म्हणून.

गॅरेजात गेले. कोणाशी न बोलता मागच्या खोलीत शिरले, पत्र्याचा डबा उघडला. अठरा वर्षांची कार्डं ओळीने लावलेली असतात. कुणीतरी सगळी उपसून पुन्हा भरली होती, आणि भरणाऱ्याला क्रम माहीत नव्हता.

"काय शोधतेस?" मिस्त्री दारात उभा होता.

ह्या माणसाने मला काम शिकवलं. नवऱ्याने मला सोडलं तेव्हा सगळ्या गल्लीने सल्ले दिले, ह्याने नोकरी दिली. मंगळवारपासून तीनदा फोन करून भावाची चौकशीही केली होती. मला वाटलं होतं, माया आहे.

"तुम्ही शोधताय तेच," मी म्हटलं. "सापडलं का?"

तो स्टुलावर बसला.

"मंगळवारी सकाळी साताला लॉण्ड्रीचा शेठ स्वतः गाडी घेऊन आला," तो म्हणाला. "म्हणाला, कुत्रं आडवं आलं. खड्डा काढू नको, रंग बदल. मी काय शेंबडं पोर आहे? कळलं मला. कुत्रं एवढ्या उंचीवर लागत नाही."

"आणि तुम्ही रंगवली."

"गॅरेज त्याच्या गाड्यांवर चालतं. सहा माणसं जेवतात इथे. सातवी तू. पोरी, मला काय माहीत तो तुझा भाऊ आहे? दुपारी कळलं. तोवर गाडी भट्टीत होती."

"म्हणजे दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर चाललं असतं."

बोलले, आणि तेच वाक्य माझ्यावर उलटलं. अठरा वर्षं खिडकीतून डबे देताना मी कुणाच्या भावाची चौकशी केली होती?

"शेठ एवढा का घाबरला?" मी विचारलं. "एवढी मोठी लॉण्ड्री. विमा कंपनीने दिले असते, विषय संपला असता."

मिस्त्री कडू हसला. "कुठला विमा? आठ गाड्या आहेत, विमा एकीचा. बाकी सातांच्या काचेवर त्याच कागदाची झेरॉक्स. इस्पितळाच्या चादरी धुवायचं कंत्राट त्याच्याकडे आहे, त्यात अट आहे, प्रत्येक गाडीचा विमा हवा. ह्या एकीचा कागद कुणी तपासला असता तर आठही उघड्या पडल्या असत्या. म्हणून गाडी ड्रायव्हरच्या गळ्यात मारली, तीही मागच्या तारखेने. हिरवी ठेवली तर लॉण्ड्रीची दिसते, म्हणून पांढरी. खड्डा ठेवला, कारण हजर होताना अपघाताची खूण दिसायला हवी." तो उठला. "चिठ्ठीचं कार्ड मी जाळलं. दुसरं कुठाय?"

तेव्हा मला आठवलं. ॲप्रन. इस्पितळात भावाच्या पलंगाखाली, रक्ताने माखलेला, पिशवीत बोळा करून ठेवलेला.

माझ्या चेहऱ्यावर त्याने ते वाचलं असावं. त्याने पुढे जाऊन शटर खाली ओढलं.

५

त्याने मला हात लावला नाही. फोन लावला आणि माझ्या कानाला धरला.

"बाई," शेठचा आवाज गोड होता, "चूक ड्रायव्हरची, पण माणुसकी म्हणून मी उभा राहतो. उद्या सकाळी काउंटरवर हमीची सही करीन. तुम्ही ते कार्ड आणा."

"साडेनऊला," मी म्हटलं.

शटर वर गेलं.

संध्याकाळी इस्पितळाच्या मागच्या दाराशी दोन हिरव्या गाड्या मळक्या चादरी घ्यायला आल्या. मी दोन्हींच्या काचा बघितल्या. दोन्हींवर विम्याचा कागद, नंबर एकच. वर कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग. दोन कागद, डाग एकाच जागी, एकाच मापाचा, तोही छापलेला. मिस्त्री ह्या बाबतीत तरी खरं बोलला होता. मी वर जाऊन भावाच्या अंगावरची चादर बघितली. तिच्या कोपऱ्यावर त्याच लॉण्ड्रीचा शिक्का होता.

ॲप्रनच्या खिशाला कार्ड चिकटून बसलं होतं. ब्लेडने सोडवलं तेव्हा कापडाचे धागे घेऊन निघालं. मागचं सगळं वाचता येत होतं.

"ताई," भाऊ गुंगीतच म्हणाला, "हात आहे ना गं?"

"आहे."

"मग दुखत का नाही?"

मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. दोनदा.

शुक्रवारी शेठ साडेनऊला आला नाही. पावणेदहालाही नाही. काउंटरच्या बाईने तो छापील कागद पुन्हा सरकवला. ह्या वेळी वहिनी पेनाकडे बघतही नव्हती, भिंतीकडे बघत होती. दहाला नऊ मिनिटं कमी असताना शेठ आला, इस्त्रीच्या कपड्यांत, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा.

"कार्ड?"

"आधी सही."

"व्यवहारात आधी माल दाखवतात, बाई."

मी कार्ड लांबून दाखवलं. "दोन मजले वर तुमचं कंत्राट देणारे साहेब बसतात. जिन्याने जायला मला एक मिनिट लागतं. जाताना खालच्या गाड्यांवरचा चहाचा डागही सांगीन म्हणते."

त्याच्या कपाळावरची इस्त्री मोडली. "तुमच्या भावाबद्दल मला खरंच वाईट वाटतं."

"वाटायलाच पाहिजे. तुमच्या आठही गाड्यांवरची अक्षरं त्याने काढलीत. त्याच हाताने."

हे त्याला माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणच नव्हतं, पाटी वाचणारा माणूस पेंटरचा चेहरा बघत नाही. त्याने सही केली. भोकापलीकडच्या बाईने शिक्का मारला. दहाला दोन मिनिटं होती. भावाचा स्ट्रेचर लिफ्टमध्ये गेला, मागोमाग वहिनी धावली.

मी कार्ड शेठच्या हातावर ठेवलं. त्याने तिथेच त्याचे चार तुकडे केले, मग आठ.

"आता तोंडाचं काय?" त्याने विचारलं.

"त्याचं काही ठरलं नव्हतं."

"पुराव्याशिवाय तोंडाला कोण विचारतं?" तो म्हणाला आणि हसून गेला.

आत भाऊ टेबलावर होता, सहीची शाई ओली होती. शहाणपण दाखवायची ती वेळ नव्हती. नाहीतर त्याला सांगितलं असतं की फाटलं ते फक्त एक कार्ड. पोलिसांच्या आवारात गाडी उभी आहे, आणि तिच्या अंगावर दोन लिटर पुरावा वाळलाय. तो कशापासून बनलाय हे जगात एकाच माणसाला माहीत आहे, आणि तोच रंग मी कोर्टासमोर पुन्हा बनवून देऊ शकते.

६

पावणेचारला डॉक्टर बाहेर आला. मास्कच्या पट्ट्यांनी त्याच्या गालांवर रेघा पडल्या होत्या.

"हात राहिला. शेवटची दोन बोटं गेली. अंगठा हलवतोय."

"ब्रश धरेल?" वहिनीने विचारलं.

"ते मला सहा महिन्यांनी विचारा."

वहिनी तिथेच फरशीवर बसली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "मी जाऊन येते."

"वन्सं, आता कशाला? सही झाली, हात राहिला. तुमची नोकरी जाईल. मिस्त्रीला आत घेतील."

"सात गाड्या अजून फिरताहेत," मी म्हटलं. "उद्या पहाटेही निघतील."

हवालदाराने नवा कागद घेतला. मी सगळं क्रमाने सांगितलं. हिरवा ओरखडा, न फुटलेला रंग, चहाचा डाग, ड्रायव्हरची बोटं. सहीसाठी कार्ड कुणाला दिलं, तेही. तो लिहीत गेला. ड्रायव्हर त्या दिवशीच्या हजेरीला येऊन बाकावर बसला होता. त्याने मान वर केली, आणि काल अडवून धरलेलं नाव आपणहून घेतलं, "शेठ फोनवर म्हणाले, निघ तिथून. माझ्या फोनमध्ये वेळ आहे."

हवालदाराने तेही लिहिलं. मग विचारलं, "आता हा पांढरा. कुणी बनवला?"

"मी."

पेन थांबलं. हवालदाराने आवाज खाली आणला. "बाई, माणूस म्हणून सांगतो. पुरावा झाकण्यात तुमचं नाव येईल. 'गाडी कोणाची ते माहीत नव्हतं' एवढंच लिहितो, तुम्ही सुटाल."

"खरंच माहीत नव्हतं," मी म्हटलं. "आणि मी विचारलंही नव्हतं. दोन्ही लिहा."

त्याने पहिलं वाक्य लिहिलं आणि कागद सहीसाठी माझ्याकडे फिरवला. मी तो परत त्याच्याकडे फिरवला, आणि दुसरं लिहून होईपर्यंत खुर्चीवरून उठले नाही.